डिचोलीची समई

बेळगावहून चोर्ला घाट उतरून साखळी मागे टाकली की डिचोली येते. पितळी समयांसाठी हे गाव गोव्यात प्रसिद्ध आहे. तिथे एका कारागिराने आम्हाला समई सुटी करून दाखवली. बैठक, दांडा, तेलाचे ताट, टोकावरचा पक्षी, सगळे आट्यांवर बसवलेले! आपण समई वरवर घासतो. आटे वर्षानुवर्षे उघडतच नाही. तेल तिथे चिकटून बसते आणि सणाच्या आदल्या दिवशी पक्कड शोधावी लागते. त्यात आटे मोडले की पिढीजात समई माळ्यावर जाते.

त्यांची रीत साधी होती. तेलकट भाग आधी कोमट साबणपाण्यात टाकायचे. मग भिजवलेली भिरंडाची सोले, म्हणजे आपली आमसुले, किंवा चिंचेचा कोळ चोळायचा. आंबटाने काळपट थर सुटतो. आट्यांसाठी दात घासायचा जुना ब्रश पुरतो. वाळू, तारेची घासणी नको, नक्षी झिजते. मात्र आंबट आट्यांत राहिले तर हिरवा कळंक चढतो. म्हणून भरपूर पाण्याने धुऊन, पुसून, पूर्ण सुकल्यावरच भाग जोडायचे.

डिचोलीला गेलात तर नव्या समया जरूर पाहा. पण त्याआधी आजीच्या समईचे आटे एकदा हलक्या हाताने सोडवून बघा. ती अजून दोन पिढ्या तेवेल.