मच्छीमार नगरातली ईदची गोधडी

कफ परेडला बधवार पार्कच्या बाजूने समुद्राकडे वळले की मच्छीमार नगर लागते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवादी याच किनाऱ्यावर उतरले. तेव्हापासून बाहेरची माणसे वस्तीला तेवढ्यासाठीच ओळखतात. आम्हाला ती आठवते वाळत घातलेल्या जाळ्यांमुळे. ओढून ठेवलेल्या होड्या, सुक्या मासळीचा वास, मागे वर्ल्ड ट्रेड सेंटरचा मनोरा, आणि मधल्या अरुंद गल्ल्यांत कोळ्यांच्या शेजाराने आपलीही काही घरे.

त्यातल्या एका घरी खाला ईदसाठी गोधडी शिवत होत्या. लग्नानंतर लेक पहिल्यांदाच ईदला माहेरी येणार होती. चौकोनी तुकडे जोडून वरचा थर तयार होता: लेकीचा शाळेचा निळा फ्रॉक, तिच्या अम्मीच्या, म्हणजे खालांच्याच, निकाहाची ओढणी, आणि मधोमध मरहूम खालूंची चौकड्यांची लुंगी. आत दोन जुन्या सुती साड्या. अडले होते ते वरच्या टिपेवर. मुलाने मोबाईलवर नक्ष्या शोधून ठेवल्या होत्या. गुलाब होते, वेली होत्या, आणि उर्दू अक्षरांत ‘ईद मुबारक’ही होते.

अक्षरांना खालांनी लगेच नाही म्हटले. पांघरूण पायांवर येते, जमिनीवर अंथरले जाते. त्यावर लिखाण नको. आयत किंवा अल्लाहचे नाव तर दूरच राहिले. आम्ही रोज मुलांना तीच अक्षरे गिरवायला लावतो, त्यामुळे आम्हाला हे फार पटले.

गुलाबांची अडचण वेगळी. छापील कापडावर टिपेची नक्षी दिसतच नाही, दोरा फुलापानांत हरवतो. बारीक नक्षी शोभते ती साध्या कापडावर. शिवाय दाट टिपेने गोधडी पुठ्ठ्यासारखी ताठ होते. पाहुण्यांना खाली अंथरायची असेल तर दाट टीप चांगली, ती टिकते. पण मुंबईत पंख्याखाली अंगावर घ्यायची गोधडी मऊ हवी. टीप फार विरळही चालत नाही. धुताना आतल्या साड्या सरकून गोळा होतात. चार बोटांचे अंतर बरे.

आणि लुंगी? धुऊन धुऊन ती इतकी विरली होती की गुलाबाच्या वळणावळणाने सुई फिरली असती तर कापड फाटलेच असते. घरात खालूंची तेवढीच वस्त्र-निशाणी उरलेली.

शेवटी नक्षी दारातच मिळाली. जाळ्याची शंकरपाळी! तिरप्या सरळ रेघा, एकमेकींना छेदणाऱ्या. घरच्या काळ्या मशीनवरही जमतात. लुंगीच्या तुकड्याला मागून मलमलचे अस्तर लावले, आणि तिथे शंकरपाळी न आणता चौकड्यांच्याच रेघांवरून मोजक्या टिपा मारल्या. टाका थोडा लांब ठेवला, मशीनच्या पायाचा दाब कमी केला. सुरुवात मधून करून कडेकडे जायचे, म्हणजे चुणी बाहेर निघून जाते. टाचण्या मात्र टीप झाली की लगेच काढायच्या. खाऱ्या हवेत त्या गंजतात आणि डाग जात नाही.

उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायका हाताने कवंदी शिवतात, त्या उलट कडेपासून आत येतात. त्यांच्यात मुस्लिम घरेही पुष्कळ आहेत. कवंदीच्या चारही कोपऱ्यांना त्या घडीचे तिकोनी तुकडे लावतात, त्याला फुला म्हणतात. फुलांवाचून कवंदी पुरी होत नाही. हे ऐकून खालांनी ओढणीच्या उरलेल्या कापडाचे चार तिकोन कापून घेतले.

आता कडेची पट्टी तेवढी राहिली आहे. हिरवी की मरून, यावर मायलेकींचे फोनवर अजून चाललेच आहे.