कडेचा थर

सुईने घेतलेल्या प्रोस्टेटच्या बायोप्सीत मला अजूनही अडवून धरतो तो एकच प्रश्न. एखाद्या कोअरच्या, म्हणजे सुईत आलेल्या बारीक तुकड्याच्या, टोकाशी चार-पाच बारीक ग्रंथी दिसतात. त्यांच्याभोवती बेसल पेशी आहेत की नाहीत? बाकी कामात फारसं थांबावं लागत नाही. वयोमानाने वाढलेली साधी ग्रंथी, जुनी सूज, कॉर्पोरा अमायलेशिया, हे सगळं नजरेखालून भराभर जातं. कॅन्सर भरपूर पसरलेला असेल तर तो चारच्या लेन्सवरच कळतो. झोप उडवतात त्या या टोकाच्या ग्रंथी.

यावर लिहावंसं वाटलं ते आमच्या विभागात आलेल्या एका निवासी डॉक्टरमुळे. मुलगी हुशार आहे, तिचं वाचन माझ्यापेक्षा ताजं आहे. पण स्लाइड समोर आली की लगेच विचारते, "मॅडम, आयएचसी लावूया ना?" मी म्हणते, "लावू गं. पण आधी सांग, तुला काय वाटतंय?" ती गप्प होते. रंग येण्याआधी स्वतःचं मत बोलून दाखवायची तिला भीती वाटते, आणि त्या भीतीची मला काळजी वाटते.

परवाचीच स्लाइड घ्या. डाव्या हाताला मोठी, निरोगी ग्रंथी. आतल्या काठाला निऱ्या पडलेल्या, पेशी फिकट. तिच्या उजवीकडे पाच लहान ग्रंथी, आतला काठ सरळ कापल्यासारखा. पेशीद्रव्य जरा गडद, पोकळीत निळसर म्युकस, एकीत गुलाबी स्फटिक. न्यूक्लियस मोठे, दोन-तीन ठिकाणी न्यूक्लिओलस ठळक. इथपर्यंत सगळं कॅन्सरकडे बोट दाखवतं. मग तिसऱ्या ग्रंथीच्या कडेला एक चपटा न्यूक्लियस दिसतो आणि मी थांबते. हा बेसल पेशीचा, की ग्रंथीला चिकटलेल्या फायब्रोब्लास्टचा? फायब्रोब्लास्टचा न्यूक्लियस गडद आणि टोकदार असतो, बेसलचा निळसर-करडा, गुळगुळीत. पुस्तकात हा फरक स्पष्ट आहे. चार मायक्रॉनच्या सेक्शनमध्ये, जरा तिरका कापला गेलेला तो न्यूक्लियस दोन्हींसारखा दिसतो.

मग आयएचसी, म्हणजे अँटिबॉडी लावून ठरावीक पेशी रंगवणं. पी६३ने बेसल पेशींचे न्यूक्लियस तपकिरी होतात, ३४ बीटा ई१२ने त्यांचं पेशीद्रव्य. कॅन्सरच्या पेशींत रॅसिमेज लाल उमटतं. कॅन्सरभोवती तपकिरी काहीच नसतं. ऐकायला सोपं आहे. पण आपण इथे काहीतरी नाही हे सिद्ध करायला निघालेलो असतो, तेही पाच ग्रंथींवरून. अ‍ॅडेनोसिसमध्ये बेसल थर तुटक असतो, काही ग्रंथींना तर अजिबात नसतो. पार्शल अ‍ॅट्रोफीतही तेच, वर कधी कधी रॅसिमेजही उमटतं. म्हणून मी आधी शेजारची निरोगी ग्रंथी तपासते: ती तपकिरी झाली आहे ना? ती झाली नसेल तर त्या पाचांच्या कोरेपणाला काही किंमत नाही.

सगळ्यात जास्त छळतो तो हाय ग्रेड पिन (प्रोस्टॅटिक इंट्राएपिथेलियल निओप्लेझिया). मॅकनील आणि बॉस्टविक यांनी 1986 मध्ये या बदलाचं वर्णन केलं, पिन हे नाव नंतर रूढ झालं. ग्रंथीचा आराखडा जुनाच, आतल्या पेशी मात्र कॅन्सरसारख्या, आणि बेसल थर शाबूत पण विरळ. अशा ग्रंथीचा बाहेर आलेला फुगवटा तिरका कापला गेला की तो शेजारी पडलेली वेगळी, लहान, बेसल थर नसलेली ग्रंथी म्हणून समोर येतो. हुबेहूब कॅन्सर. अशा वेळी मी त्या बारीक ग्रंथी पिनपासून किती लांब आहेत आणि किती आहेत हे पुन्हा पुन्हा बघते. लगटून असलेल्या दोन-तीन ग्रंथींवर मी कॅन्सर लिहीत नाही.

डोनाल्ड ग्लीसन यांनी 1966 मध्ये मांडलेल्या पद्धतीत न्यूक्लियसला जागाच नाही, सगळा भर ग्रंथींच्या रचनेवर. त्या धाडसाबद्दल मला आदर आहे. पण कॅन्सर किती आक्रमक, हा त्यांचा प्रश्न. तो आहे की नाही, ही आमची अडचण त्याच्या आधीची.

मला नेहमीच्या एच अँड ई रंगावरच निदान सांगण्याचा अभिमान आहे. मज्जातंतूला ग्रंथीने पूर्ण वेढा घातलेला सापडला, की दुसऱ्या कशाची गरज उरत नाही, आणि तो शोधून दाखवताना मला होणारा आनंद निव्वळ शास्त्राचा नसतो. आयएचसीच्या स्लाइडने माझं म्हणणं खरं ठरवलं की ती मी सगळ्यांना दाखवते. तो अहंकार आहे, आणि वयाबरोबर तो कमी झालेला नाही.

तरीही तो त्या मुलीच्या घाईपेक्षा रुग्णाला कमी महाग पडतो, असं माझं मत आहे. जिल्ह्याच्या गावातून ब्लॉक पुण्या-मुंबईला जातो, प्रत्येक अँटिबॉडीचे पैसे पडतात, आणि ब्लॉक पुन्हा कापला की ती बारीक जागा बऱ्याचदा संपलेली असते. म्हणून आमचा तंत्रज्ञ पहिल्याच वेळी मधले काही सेक्शन न रंगवता राखून ठेवतो. हल्ली मोठ्या लॅबचे चकचकीत रिपोर्ट येतात, त्यांत रंगांची यादी लांब आणि ग्रंथींचं वर्णन एका ओळीत. ते वाचून मला राग येतो.

'संशयास्पद, पण निदानाला अपुरं' हा शेराही काहींनी अंग काढून घेण्याचा मार्ग केला आहे. खऱ्या अर्थाने वापरला तर तो भारदस्त शेरा आहे: अशा रुग्णांच्या पुढच्या बायोप्सीत दहातल्या साधारण चौघांना कॅन्सर सापडतो. एकाच कोअरमधल्या पिनचं तसं नाही. त्यासाठी आता लगेच पुन्हा सुई घालत नाहीत. म्हणून एकाच्या जागी दुसरं लिहिलेलं मला खपत नाही.

त्या पाच ग्रंथींवर आम्ही दोघींनी मिळून 'संशयास्पद' लिहिलं. युरोलॉजिस्टचा फोन आला, "मॅडम, हो की नाही ते सांगा." मी सांगितलं, त्याच जागेतून आणि तिच्या आजूबाजूने पुन्हा कोअर घ्या. आणि या खेपेला बाराही कोअर एका डबीत भरू नका. डावा-उजवा, वरचा-खालचा अशा वेगळ्या डब्या करून नावं घाला. ती जागा नेमकी कोणती हे पहिल्या खेपेला मला त्यांना सांगता आलं नव्हतं.