घोडीचा उतार

आमच्या कवठे महांकाळात कुणी ‘मिरजेला चाललोय’ म्हणालं की समोरचा आधी विचारतो, ‘कोण आजारी आहे?’ डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली तिथं इस्पितळ उभारलं, तेव्हापासून मिरज म्हणजे दवाखाना असं आसपासच्या तालुक्यांत ठरूनच गेलं आहे. मी मात्र मिरजेला जाते ती बहुतेक वेळा तंबोरा घेऊन. गावात मी मुलांना गाणं शिकवते, आणि माझ्या तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीची घासणी, सतारमेकर गल्लीतल्या एका वयोवृद्ध कारागिरांच्या हातची आहे. त्यांचं नाव इथं लिहीत नाही, त्यांना ते आवडायचं नाही. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणते, मीही म्हणते.

मी ज्या रस्त्यानं जाते त्याच रस्त्यानं तंबोऱ्याचा भोपळाही येतो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडं, भीमेच्या काठाला, हा कडू भोपळा पिकवतात. भाजीला तो चालत नाही, आणि कडू असल्यामुळंच वाळल्यावर त्याला सहसा कीड धरत नाही. जाणता शेतकरी वेलावर असतानाच फळ उभं बसवून ठेवतो. आडवं लोळलं तर ते एका अंगानं चपटं होतं आणि तंबोऱ्याच्या कामातून जातं. पाऊस फार झाला की फळ कुजतं, आणि त्या वर्षी मिरजेत चांगल्या भोपळ्याची ओढ लागते. पिकलेले भोपळे महिनोन्‌महिने उन्हात वाळतात आणि मग सांगोला, ढालगाव, कवठे महांकाळ असं करत मिरजेला पोचतात. याच वाटेनं उलट दिशेला मिरजेत घडलेल्या भजनी वीणा जातात. आमच्या भागात अखंड हरिनाम सप्ताह बसला की वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत, पहारा बदलताना ती एका विणेकऱ्याच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. त्या वीणेचा भोपळा बऱ्याचदा पंढरपुराकडचाच असतो. मिरजेला जाऊन, गळा-दांडी-तारा लेऊन तो परत विठ्ठलाच्या वाटेला लागतो. सप्ताहाच्या मांडवात बसलेल्या फार थोड्यांना हे ठाऊक असतं, म्हणून मी ते दर वेळी कुणाला तरी सांगते.

मिरजेत हे काम सुरू झालं ते १८५० च्या सुमारास, फरीदसाहेब शिकलगार यांच्या हातून. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले, कट्यारी यांना धार लावणारे, त्यांना चकाकी देणारे. १८१८ साली पेशवाई संपली, संस्थानं इंग्रजांच्या छत्राखाली गेली आणि हत्यारांचं काम हळूहळू आटलं. गवयांची वाद्यं दुरुस्त करता करता फरीदसाहेब आणि त्यांचे भाऊ वाद्यं घडवायला लागले. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांनी गाण्याला आणि या कामालाही आश्रय दिला. पुढं घराण्याचं आडनावच सतारमेकर झालं. ही कथा मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला तो केवळ नशिबाचा फेरा वाटला होता. चाचांना कानस चालवताना पाहिल्यावर माझं मत बदललं. तलवारीच्या पात्यावर बोट फिरवून धार कुठं कमी आहे हे ओळखणारा हात आणि तंबोऱ्याच्या घोडीवर बोट फिरवून उतार कुठं चुकला आहे हे ओळखणारा हात, या दोन्हींत मला फार अंतर दिसत नाही. धंदा बदलला तरी हाताला आलेलं ज्ञान त्या घरांत टिकून राहिलं.

तंबोरा घडवायला महिनाभर सहज जातो. वाळलेला भोपळा कापून, भिजवून, त्याचं तोंड रुंद करून घेतात. त्याला तुणीच्या लाकडाचा गळा जोडतात, वर तबली बसवतात, मग पोकळ दांडी, खुंट्या, नक्षी, आणि शेवटी चपड्याचं पॉलिश. पटाशी, रंधा, करवत, गिरमिट ही हत्यारं कुठल्याही सुताराकडं असतात. पण एवढं सगळं झालं तरी ते अजून वाद्य होत नाही. तारा चढवून छेडल्या तर नुसताच ठण्‌कन आवाज येतो आणि विरून जातो. तंबोरा बोलायला लागतो तो घोडीवर जवारी काढल्यावर.

हे नीट समजून घ्यायला मला गिटारची मदत झाली. हल्ली चाचांच्या दुकानात गिटारही दुरुस्तीला येते. एकदा एका तरुणाची गिटार तिथं पडली होती, तेव्हा मी दोन्ही वाद्यांच्या घोड्या शेजारी शेजारी ठेवून बघितल्या. गिटारच्या घोडीवर हाडाची अरुंद पट्टी असते आणि तार त्या कडेवरून सुटते. तार कुठं संपते याला एकच उत्तर असतं, म्हणून स्वर स्वच्छ, रेखीव येतो. आजच्या गिटारचा बांधा ज्यानं घालून दिला तो स्पेनमधल्या आल्मेरियाचा आंतोनियो दे तोर्रेस. त्याचा सगळा विश्वास वरच्या पाटीवर होता. गिटारचा आवाज पाटीत असतो हे दाखवायला त्यानं १८६२ साली पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या, लाकडी ठेवली ती वरची पाटी. ती गिटार बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे. एवढ्या मोठ्या कारागिरालाही मध्यंतरी काही वर्षं गिटार बाजूला ठेवून चिनी मातीच्या भांड्यांचं दुकान चालवावं लागलं. हे वाचलं तेव्हा मला मिरजेतली, सतारमेकर आडनावाची पण आता दुसराच धंदा करणारी माणसं आठवली.

तंबोऱ्याचं मर्म मात्र वेगळ्या जागी आहे. त्याची घोडी चांगली रुंद असते आणि तिच्या माथ्याला अगदी हलका उतार असतो. तार एका कडेवरून सुटत नाही, ती त्या उतारावर निजते आणि छेडली की उताराला पुन्हा पुन्हा लागत, सुटत राहते. तार कुठं संपते याचं उत्तर क्षणाक्षणाला बदलतं. त्यातून मूळ स्वराच्या अंगाखांद्यावरचे वरचे स्वर उमलून येतात. जवारी नीट असली तर खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो. तो कुणी लावलेला नसतो. पहिल्यांदा गंधार ऐकू आल्यावर शिकणाऱ्या मुलाचं तोंड बघावं. गाणं शिकवण्यातला याहून मोठा आनंद मला ठाऊक नाही.

चाचा जवारी काढतात तेव्हा दुकानात कुणी बोलत नाही. तार सैल करून बाजूला घेतात, घोडीवर कानशीचे दोन-तीन हलके हात, मग काचकागद, तार परत जागेवर, मग तारेखाली सुती दोरा सरकवत ऐकणं. दोरा केसभर पुढं गेला की आवाज झाकोळतो, केसभर मागं आला की खणखणतो. मधे एक जागा असते, तिथं तार उघडून बोलते. ती सापडली नाही तर पुन्हा तार बाजूला, पुन्हा कानस. असं चारही तारांचं करायचं, आणि चौघींचा आवाज एकमेकींत मिसळला पाहिजे. एक खुली आणि तीन बंद असून चालत नाही. कुणाला गोल जवारी हवी असते, कुणाला खुली. चाचा काम सुरू करण्याआधी मला दर वेळी विचारतात, ‘बाई, सध्या कोण गातंय यावर?’ मुलींचा वर्ग असेल तर एक जवारी, आवाज फुटलेले मुलगे असतील तर दुसरी. उतार किती असावा याचं माप कुठं लिहिलेलं नाही. तो कुणाच्या गळ्याखाली वाजणार आहे, हे विचारून ठरतो.

याच परिसरात स्वर मोजायचा ध्यास घेतलेली माणसंही झाली, आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुती गणितानं पक्क्या करण्यासाठी वर्षं घालवली आणि १९१० साली त्यावर पुस्तक काढलं. त्या खटपटीत गवई अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा आणि कान त्यांच्या मदतीला होता. पुढं १९२१ साली चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीवर निबंध लिहिला. तार बरोबर मध्यावर छेडली तर ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू मध्यावर पडतो ते ऐकू येऊ नयेत, असा यंगचा जुना नियम आहे. रामन यांनी दाखवलं की तंबोऱ्यात ते उपस्वर चांगले खणखणीत ऐकू येतात आणि त्याचं कारण ही उताराची घोडी आहे. म्हणजे शास्त्राच्या पुस्तकात जे घडू नये असं लिहिलं होतं, ते आपल्याकडचे कारागीर कानाच्या भरवशावर रोज घडवत होते. रामन यांचा निबंध उपस्वर का येतात ते सांगतो. आजच्या या तंबोऱ्यावर कानस कुठं थांबवायची, ते ज्यानं त्यानं ऐकूनच ठरवायचं.

खाँसाहेबांचं नाव निघालं की मिरजेत लोक अजूनही जरा सावरून बसतात. किराणा घराण्याचे हे गवई मिरजेत स्थिरावले. त्यांची कन्या हिराबाई बडोदेकर १९०५ साली मिरजेतच जन्मल्या. खाँसाहेब तंबोरा लावायला किती वेळ घेत आणि जवारीवर स्वतः हात कसा चालवत, याच्या गोष्टी गल्लीतल्या घराघरांत आहेत. मला त्या गोष्टींचं मोल वेगळं वाटतं. असा गवई दारात येऊन ‘अजून उघडली नाही’ म्हणत बसला, की कारागिराचा कान तयार होतो. तीन तास बसून ऐकणारं, परत परत नाकारणारं गिऱ्हाईक ही त्या गल्लीची शाळा होती. २७ ऑक्टोबर १९३७ ला पाँडिचेरीच्या वाटेवर सिंगपेरुमाळकोईल स्टेशनात खाँसाहेब गेले. त्यांना मिरजेला आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या आठवणीत अजून गाणं होतं, तिथं मोठमोठे गवई जमिनीवर बसून हजेरी लावतात, आणि मागं मिरजेचेच तंबोरे असतात.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. दुसरीकडं बनवून मिरजेच्या नावावर विकणाऱ्यांना त्यानं आळा बसेल, आणि ते हवंच होतं. पण नाव राखलं म्हणजे जवारी राखली, असं होत नाही. या कामाची काळजी करणारे सगळे म्हणतात, पोरं आता धंद्यात येत नाहीत. ते खरं आहे. मला त्याच्या आधीची गोष्ट दिसते. पोरं यायची कमी झाली त्याआधी, जवारी उतरली आहे हे ओळखून वाद्य परत घेऊन येणारी माणसं कमी झाली. इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला, मोबाइलवरचा आला. रियाजाला, प्रवासाला त्याचा उपयोग होतो, मीही केला आहे. मात्र त्याच्यावरच वाढलेल्या कानाला तंबोऱ्याची जवारी म्हणून काही काढावी लागते, ती झिजते, हे कळायचं कसं? खुंटी पिळताना आपला स्वर शोधावा लागतो. बटण दाबलं की तो आयता मिळतो. मी शिक्षिका आहे, म्हणून मला यात कारागिरापेक्षा माझी जबाबदारी मोठी दिसते. चाचांचा नातू गल्लीत बसेल की नाही हे माझ्या हातात नाही. कवठे महांकाळातली वर्गभर मुलं उतरलेली जवारी ओळखतील की नाही, हे बऱ्याच अंशी माझ्याच हातात आहे.

म्हणून माझ्या वर्गात पहिले काही महिने पेटी उघडत नाही. मुलं तंबोरा लावायला शिकतात. पालक कुरकुरतात, परीक्षा कधी म्हणून विचारतात, एक-दोघं मुलाला काढूनही नेतात. द्राक्षांच्या छाटणीच्या दिवसांत निम्मा वर्ग रानात असतो. जी राहतात त्यांतली दोघं-तिघं दर वेळी माझ्याबरोबर मिरजेला येतात, भोपळ्याला हात लावतात, चाचांच्या शेजारी बसून दोरा सरकताना ऐकतात. गेल्या खेपेला आठवीतल्या एका मुलीनं चाचांच्या आधी सांगितलं की जोडीतली दुसरी तार अजून बंद आहे. चाचांनी दोरा काढला, पुन्हा कानस घेतली.

आता प्रश्न घोडीचा आहे. प्रत्येक जवारीला घोडीचा माथा थोडा थोडा घासला जातो. माझी घोडी जुनी, सांबरशिंगाची आहे, आणि ती आता इतकी उतरली आहे की आणखी एकच जवारी सोसेल असं चाचा म्हणाले. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला, पुढं तो कडक होत गेला आणि हस्तिदंत, सांबरशिंग सगळं बंद झालं, ते योग्यच झालं. नव्या घोडीसाठी उंटाचं हाड आहे, शिसव आहे, आबनूस आहे. शिसवाचा आवाज मुलींच्या गळ्याला मऊ पडेल आणि हाडाचा जास्त उघडा येईल, असं चाचांचं मत आहे. माझा कल हाडाकडं आहे. चाचा म्हणाले, दोन्ही करून ठेवतो, पोरींना घेऊन या, त्यांना ऐकू द्या, मग ठरवू. दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरलं आहे.