इनामदार म्हणजे कुठले?

सोलापूर स्वस्त आहे, असं पुण्याहून आलेला प्रत्येक पाहुणा सांगतो. खोटं नाही ते. पुण्यात जेवढ्या पैशांत एक खोली मिळते, तेवढ्यात इथं दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि वर गच्ची मिळते. गेल्या उन्हाळ्यात मी भाड्याची जी घरं पाहिली, त्यांतली बहुतेक सात ते दहा हजारांत होती. शिक्षकाच्या पगारात बसणारी.

इथं घर बघताना भाड्याच्या आधी पाणी विचारायचं असतं. उजनी भरलं तरी नळ रोज येत नाही, तीन-चार दिवसांआड येतो. म्हणून हौद केवढा, मोटार कुणाची, मोटारीचं लाइट बिल कुणी भरायचं, हे आधी ठरवावं लागतं. मग खोलीवर दुसरा मजला आहे की नुसता स्लॅब, ते बघायचं. मे महिन्यात सोलापुरात स्लॅबखाली झोपणं म्हणजे तव्यावर झोपणं. हे सगळे प्रश्न मी वहीत लिहून ठेवले होते. वहीत नसलेला प्रश्न समोरून यायचा.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. फोनवर माझं मराठी ऐकून घरमालक मोकळेपणानं बोलायचे. आडनाव इनामदार. हे आडनाव ब्राह्मणांत आहे, मराठ्यांत आहे, आमच्यातही आहे. त्यामुळे भाडं, डिपॉझिट, पाणी असं सगळं बोलून व्हायचं. मग विचारणा व्हायची, "इनामदार म्हणजे कुठले?" मी पूर्ण नाव सांगायचो. पलीकडं जरा शांतता. "बघतो सर, घरात विचारून कळवतो."

नाही असं कुणीच म्हणालं नाही. एकाच्या भाच्याला अचानक सोलापुरात कॉलेजला प्रवेश मिळाला. दुसऱ्याकडं कालच कुणीतरी टोकन देऊन गेलं होतं. तिसरे म्हणाले, आमच्या बिल्डिंगमध्ये नॉनव्हेज चालत नाही. त्याच बिल्डिंगच्या कोपऱ्यावर दर रविवारी मटणाच्या दुकानापुढं रांग असते आणि रांगेत शहरातले सगळे समाज असतात. एकानंही मला अरेतुरे केलं नाही, सगळे 'सर'च म्हणाले. भांडायचं तरी कुणाशी?

कायद्याचा आधारही इथं तोकडा पडतो. घटनेच्या १५व्या कलमानं धर्मावरून भेदभाव करायला सरकारला मनाई केली, पण खासगी घरमालकाला ते कलम सहसा लागू होत नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीचा, सभासदत्व फक्त पारशांना देण्याचा नियम ग्राह्य धरला. पुढच्याच वर्षी आलेल्या सच्चर समितीच्या अहवालात मुसलमानांना हव्या त्या भागात घर मिळत नाही, ही तक्रार नोंदवली गेली. नोंद झाली, पुढं काही झालं नाही.

पाच आठवड्यांनी बायको म्हणाली, "अपने मोहल्ले में ले लो जी. कम से कम नाव तो नै पूछेंगे." घेतलं. शेजार चांगला आहे, अडीअडचणीला माणसं धावून येतात. पण तेवढ्याच खोल्यांना इथं दीड हजार जास्त पडतात. बाहेर घर न मिळालेले सगळे शेवटी इथंच येतात, मग भाडं वाढणारच. आपल्या लोकांनाही सांगायला हवं: आपणही एकट्या बाईला, बॅचलर पोराला, दुसऱ्या जमातीच्या कुटुंबाला असंच 'घरात विचारून कळवतो' म्हणतो. तेही थांबवायला हवं.

आणखी एक गोष्ट. मोहल्ल्यात बरेच व्यवहार तोंडी चालतात. नव्या मालकांनीही "सर, आपल्यात कागद कशाला?" म्हणून पाहिलं. मी करार नोंदवून घेतला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समज चुकीचा आहे. आरटीईच्या २५ टक्के जागांसाठी भाड्यानं राहणाऱ्या पालकांकडून नोंदणीकृत करारच मागतात. तो नाही म्हणून पोराचा अर्ज अडला, असे पालक दरवर्षी माझ्याकडं येतात. तेव्हा कागद करा, मालक सख्खा मामा असला तरी.

परवा स्टाफरूममध्ये विषय निघाला. एक सहकारी सहज म्हणाले, "तुम्हा लोकांना एकत्रच राहायला आवडतं ना." ते मनानं वाईट नाहीत. मी त्यांना त्या पाच आठवड्यांतले फोन मोजून दाखवले. चौदा होते.

माझ्या वर्गातली पोरं मराठीचा पेपर बरा सोडवतात, पण बोलायला उभी राहिली की अडखळतात. लोक म्हणतात, यांना मराठीची आवड नाही. त्यांच्या गल्लीत मराठीत भांडणारं, हाक मारणारं, साखर मागायला येणारं कुणी राहतच नाही. व्याकरण मी शिकवू शकतो. साखर मागायचं मराठी शेजारीच शिकवतो, आणि तो शेजारी त्या चौदा घरांपैकी एखाद्यात राहतो.