बाविसावा मजला

2018 साली बँकेच्या कामानं मुंबईला गेलो. राहायची सोय समुद्राकाठच्या एका उंच हॉटेलात होती. मी दारव्हा तालुक्यातल्या बौद्धपुऱ्यातला माणूस. वर पाहता पाहता मान दुखली. काऊंटरवरच्या पोरीनं फॉर्म पुढं सरकवला. पूर्ण नाव, गाव. पेन हातात घेतला अन् हात थांबला.

का थांबला ते सांगतो. 1994 साली यवतमाळात कॉलेजला होतो. खोली भेटत नव्हती. आडनाव सांगितलं की 'कालच दिली' म्हणत. शेवटी एका घरी खोटं आडनाव सांगितलं. तीन महिने त्या नावानं जगलो. घरमालकानं हाक मारली तर ती माझ्यासाठी आहे हे ध्यानात यायला वेळ लागायचा. बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत, कपड्याखाली. चौथ्या महिन्यात मालकाला कळलं. वळकटी रस्त्यावर. पण दोस्तहो, वळकटीपेक्षा तो ट्रंकेतला फोटो आजही जास्त खुपतो.

1917 साली बाबासाहेब अमेरिका-लंडनला शिकून बडोद्याला नोकरीवर गेले. राहायला जागा कोणी देईना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव नोंदवून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन लोक आले. संध्याकाळपर्यंत निघून जा म्हणाले. एवढा शिकलेला माणूस कमाटी बागेत बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतला. पुढं संविधानाच्या कलम 15 मध्ये दुकानं, उपाहारगृहं यांच्यासोबत हॉटेलंही नाव घेऊन लिहिली गेली. जातीवरून कोणाला अडवता येणार नाही. ते कलम वाचलं की मला बडोदा दिसतं.

मी खरं नाव लिहिलं. गावासकट. पोरीनं वाचलंही नाही, किल्ली दिली. बिल बँक देणार होती ना!

बाविसाव्या मजल्यावर पहिलं काम केलं. पिशवीतला फोटो टेबलावर ठेवला. मग मायला फोन.

"बाविसाव्या मजल्यावर आहो माय."

"खिडकीपाशी जाऊ नको बापू." थोडं थांबून म्हणाली, "नाव खरंच सांगतलं न?"

"हो."

"मंग झोप."

पलंगावर पांढरीफेक चादर. माय जन्मभर दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचत आली. अशा चादरीवर ती कधी झोपली नाही. मलाही लवकर झोप लागली नाही.

सकाळी संडास साफ करायला एक पोरगा आला. फोटो पाहून थबकला. दाराकडं पाहिलं आणि अगदी हळू म्हणाला, "जय भीम, साहेब." मीही हळूच म्हणालो. विचारलं, एवढं हळू कायले? तो म्हणाला, "कंत्राटी आहे साहेब. सुपरवायजर बाहेर उभा आहे."

त्याला नाव बदलावं लागलं नव्हतं. पण माझा फोटो जसा ट्रंकेत होता, तसा त्याचा जयभीम गळ्यात दाबलेला. मी समोरच्या दारानं आलो होतो, तो मागच्या. मी मोठ्यानं म्हणालो असतो तर माझं काय जात होतं? त्याची रोजी गेली असती.

कलम 15 नं मला आत आणलं. आता त्या पोराची नोकरी पक्की कशी होईल, हे आपल्या बैठकीत पहिल्या नंबरावर घ्या. मी येतो.