लेकरांना झोपू द्या!

आमच्या वस्तीच्या विहारात मी संध्याकाळी मुलांचा अभ्यासवर्ग घेतो. दिवसा कारकुनी आणि संध्याकाळी हे काम. सहावीतली एक मुलगी रोज वर्गात पेंगायची. दोनदा तिला तोंड धुवायला पाठवले. तिसऱ्यांदा सर्वांसमोर बोललो, "बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे, आणि तुला आठ वाजताच झोप येते?" पोरीचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. चार घरची धुणीभांडी करणारी बाई. म्हणाली, "दादा, तिला बोलू नका. एकच खोली आहे आमची. तिचे पप्पा सेकंड शिफ्ट करून साडेअकराला येतात. मग जेवण, टीव्ही. दिवा बंद व्हायला साडेबारा. पहाटे पाचला नळ येतो, पाणी भरायला तीच उठते."

मी बी.कॉम. झालेला माणूस, लगेच हिशेब केला. साडेचार तास! सहा ते बारा वर्षांच्या मुलाला 9 ते 12 तास झोप हवी, असे डॉक्टर सांगतात. केलेला अभ्यास झोपेतच डोक्यात पक्का बसतो, अंगाची वाढही गाढ झोपेत होते. या पोरीची रोज निम्मी उधारी राहत होती, आणि वर मी तिला आळशी ठरवत होतो.

बाबासाहेबांचे नाव घेताना मी अर्धीच गोष्ट सांगितली होती. परळच्या चाळीतल्या त्या एका खोलीत लहान भीमराव संध्याकाळी लवकर झोपत. रामजीबाबा रात्री दोनपर्यंत जागत, मग मुलाला अभ्यासाला उठवत आणि स्वतः आडवे होत. बापाने जागून लेकराला झोप दिली होती. (म्हणून आज कोणी मुलांना दोनला उठवू नये. अठरा तासांची गोष्टही मोठ्या वयातली आहे.)

रविवारी त्यांच्या घरी गेलो. भाऊ आधी रागावले, "मग मी दमून आल्यावर अंधारात जेवू काय?" त्यांचेही खोटे नव्हते. शेवटी जुने लुगडे आडवे बांधून पडदा केला, चुलीकडच्या कोपऱ्यात झिरोचा बल्ब लावला. रात्री टीव्ही बंद, मोबाईल फळीवर. पाण्याचे विचारले तर कळले, नववीतला भाऊ खुशाल झोपून राहतो. मुलगी आहे म्हणून तिलाच उठवायचे, हे आपल्या घरात तरी शोभते का? आता पाणी आई आणि तो आळीपाळीने भरतात.

शासनाने 2024 साली चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असे ठरवले. ही सहावीत, तिची शाळा सातला. साडेनऊला झोपून सहाला उठते. नऊ तास अजून होत नाहीत.

वर्गाची वेळ मी साडेसातऐवजी साडेसहा केली आहे. ऑफिसातून धावतपळत यावे लागते. परवा माझी गाडी चुकली, तर मुलांनीच पाढे सुरू केले होते, आणि म्हणून घेत होती तीच.