कागदाचा रंग

दीनानाथ दलालांनी रेखाटलेली स्त्री सुंदर का दिसते, हा प्रश्न मला समीक्षा वाचू लागण्याच्या कितीतरी आधी पडला, तोही वहीच्या शेवटच्या पानावर. दलालांनी १९४५मध्ये सुरू केलेल्या ‘दीपावली’चे जुने अंक घरी होते. मुखपृष्ठे रंगीत, पण मी नक्कल करीत असे ती आतल्या कथाचित्रांची. डोळे, नाक, ओठ जसेच्या तसे उतरवले तरी माझी नायिका दर खेपेला चाळिशीची दिसे. पुष्कळ कागद वाया गेल्यावर चूक सापडली. मी रेषा जास्त काढीत होते. नाकाच्या दोन्ही कडा, नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची घडी, खालच्या पापणीची पूर्ण कड. चेहऱ्यावर रेषा वाढली की वय वाढते. दलालांची वरची पापणी ठसठशीत, खालची जेमतेम सुचवलेली. नाक पुष्कळदा एका कडेवरच भागलेले. उरलेले नाक पाहणाराच पुरे करतो, आणि अर्थातच आपल्याला हवे तसे करतो. ध्वनिसिद्धान्त शिकवताना आनंदवर्धनाच्या आधी मला ही अर्धी नाके आठवतात. वर्गात तसे सांगण्याचे धैर्य अजून झालेले नाही.

या रेषांचे माझ्यावर आणखी एक ऋण होते. मी काळी. ‘सावळी’ हा शब्द आईचा. मुखपृष्ठावरच्या रंगीत स्त्रीत मला जागा नव्हती. आतली रेषांची स्त्री मात्र कोणत्याच वर्णाची नव्हती, म्हणजे ती मीही असू शकत होते. हा आधार बरीच वर्षे टिकला. पुढे कुठल्याशा मासिकातल्या कथेत नायिका काळी असल्याचे स्वच्छ लिहिलेले आढळले, आणि शेजारच्या चित्रात तीच गोरी. चित्रकाराने तिला गोरी केले नव्हते. त्याने चेहरा रिकामा सोडला होता, आणि कागद पांढरा होता.

अजिंठ्याच्या १ क्रमांकाच्या लेण्यात पद्मपाणीशेजारची कृष्णवर्णी राजकन्या पाहताना मी म्हणूनच रेंगाळले. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या त्या चित्रकाराला रिकाम्या जागेवर विसंबता येत नव्हते. गडद वर्णावर गडद रेषा हरवते; तिथे चेहरा उजेडानेच वर आणावा लागतो. नाकाच्या दांड्यावर उजळ छटा ठेवण्याची अजिंठ्याची रीत मी पुस्तकांत वाचली होती. ती छटा वर्ण फिका करण्यासाठी नसून त्याला उठाव देण्यासाठी असते, हे त्या भिंतीसमोर कळले.

सध्या तपकिरी कागदावर भाचीचा चेहरा काढते आहे. वर्ण कागदानेच दिला, पापण्याही जमल्या. नाकावर पांढरा खडू किती लावावा, हे मात्र उमगत नाही; जरा जास्त झाला की चेहरा तेलकट दिसतो. ‘आत्या, हे नाक माझं नाहीच,’ असे तिने दोनदा बजावले आहे.